मागच्या स्टिकरवरचा नंबर

लॅमिंग्टन रोडवर लॅपटॉपचा पार्ट मागायला गेलं की काउंटरवरचा माणूस भाव सांगत नाही. आधी विचारतो, "सॅम्पल लाए हो?" मॉडेल सांगितलं तरी तो मान हलवतो. मॉडेलवर पार्ट मिळत नाही. एकाच नावाच्या मॉडेलमध्ये कीबोर्डची पट्टी एका मशिनात डावीकडून निघते, दुसऱ्यात मधून. टच स्क्रीनवाल्याचा हिंज वेगळा, साध्याचा वेगळा. स्क्रीनला कधी तीस पिना, कधी चाळीस. जुना पार्ट उलटा करून त्याच्या पाठीवरचा नंबर वाचल्याशिवाय तो माळ्यावर पोऱ्याला चढवणार नाही, आणि त्याचं बरोबर आहे.

माझं रिपेअरिंगचं टेबल गिरगावात आहे. माझ्याकडे येणारं बहुतेक मशीन वॉरंटी संपलेलं असतं आणि मालकाला एक वाक्य ऐकवून झालेलं असतं: ह्या मॉडेलचे पार्ट आता येत नाहीत. किंवा येतात, पण बोर्डाचा भाव असा की आणखी थोडे घातले तर नवं मशीन येईल. तिथून पुढचं काम लॅमिंग्टन रोडचं. रस्ता ते कसं शिकला हे मला सांगायचंय, कारण तो जे शिकला तेच आता त्याच्या हातून काढून घेतलं जातंय.

रस्त्याला नाव मिळालं लॉर्ड लॅमिंग्टनवरून. १९०३ ते १९०७ ते मुंबईचे गव्हर्नर होते. पाटीवर आज डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं आहे आणि पोलीस ठाणं डी. बी. मार्ग म्हणून ओळखलं जातं, पण पार्ट घ्यायला सगळे लॅमिंग्टनलाच जातात. मुंबईकरांच्या आठवणीत हा रस्ता सिनेमाचा. इम्पिरियल, नाझ, अप्सरा, मिनर्व्हा. मिनर्व्हाला १९७५ मध्ये लागलेला 'शोले' पाच वर्षं उतरला नाही. नाझच्या इमारतीत चित्रपट वितरकांची ऑफिसं होती. ह्या सगळ्या गर्दीतच रेडिओच्या सुट्या भागांची दुकानं होती, आणि आमच्या घरात ह्या रस्त्याचं नाव निघायचं ते त्यांच्यामुळे.

बाबा रेडिओ दुरुस्त करायचे. रेडिओला तेव्हा पोस्टातून लायसन्स काढावं लागे, त्यामुळे घरातला रेडिओ ही नोंद असलेली, जपायची वस्तू होती. बंद पडला म्हणून कोणी टाकून देत नसे. बाबांनी मला व्हॉल्व्हचे नंबर वाचायला शिकवले. ईएल ८४. 'ई' म्हणजे हीटरला ६.३ व्होल्ट लागणार. 'एल' म्हणजे आउटपुटचा, स्पीकर हलवणारा व्हॉल्व्ह. आठचा आकडा म्हणजे नऊ पिनांचं बारीक बूड. एवढं काचेवर छापलेलं असायचं. रेडिओ मर्फीचा आहे की बुशचा, हे दुकानदार विचारतही नसे. नंबर सांगा, पुठ्ठ्याच्या खोक्यातून व्हॉल्व्ह काढून देईल, समोर टेस्टरला लावून दाखवील. रेडिओ बनवणाऱ्या कंपन्या अनेक, पण आतले भाग ज्या नंबरांनी ओळखले जात ते सगळ्यांना उघड होते. सुट्या भागांचा बाजार उभा राहिला तो त्याच भरवशावर.

कॉम्प्युटर आला तेव्हा ही पद्धत मोडली नाही, उलट बळकट झाली. १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीचे दरवाजे किलकिले केले. नव्वदच्या दशकात असेंबल्ड पीसीचं पीक आलं. एटीएक्सचा साचा १९९५ पासूनचा. कॅबिनेट कोणाचंही, बोर्ड कोणाचाही, स्क्रूची भोकं जुळणारच. भारताने १९९७ मध्ये माहिती तंत्रज्ञान करारावर सही केली आणि २००५ पर्यंत त्यातल्या वस्तूंवरची आयात ड्यूटी टप्प्याटप्प्याने शून्यावर आली. रॅम, हार्ड डिस्क, एसएमपीएस. ट्रान्झिस्टर विकणारी दुकानं हे विकू लागली. ह्या काळाबद्दल फार बोलण्यासारखं नाही, कारण पार्ट मिळवणं तेव्हा इतकं सोपं होतं.

अडचण लॅपटॉपने आणली. प्रत्येक बोर्ड त्या-त्या खोक्याच्या आकाराने कापलेला. पंखा तसाच, डीसी जॅक तसाच. नव्या मॉडेलबरोबर सगळं बदलणार. कंपनी पार्ट विकणार फक्त आपल्या सर्व्हिस सेंटरला, आणि तिथे वायर तुटली तरी अख्खी असेंब्ली बदलणार. सुरुवातीची काही वर्षं लॅमिंग्टनकडे लॅपटॉपसाठी चार्जर, रॅम आणि हार्ड डिस्क सोडून काही नव्हतं.

मग कारागिरांच्या लक्षात आलं की झाकणावरचं नाव ही फक्त रंगरंगोटी आहे. लॅपटॉपचे बोर्ड बनवणारे कारखाने मोजकेच, बहुतेक तैवानी: क्वांटा, कॉम्पाल, विस्ट्रॉन, इन्व्हेंटेक. बोर्डावर बारीक अक्षरांत त्यांचा स्वतःचा नंबर असतो. 'एलए' ने सुरू झाला तर कॉम्पालचा, 'डीए झिरो' ने सुरू झाला तर क्वांटाचा. रॅम काढली की खाली, किंवा पंख्याच्या कडेला तो दिसतो. दोन वेगळ्या मॉडेलांच्या पोटात एकच बोर्ड निघतो हे अशा नंबरांवरूनच कळलं. ह्या नंबरावर बोर्डाचा नकाशा, म्हणजे स्किमॅटिक, शोधता येतो. कंपन्यांनी तो कधी आम्हाला दिला नाही. तो पेन ड्राइव्हवरून, एका टेबलाकडून दुसऱ्या टेबलाकडे आला. माझ्याकडे आहे, शेजारच्या गल्लीत आहे, लॅमिंग्टनच्या प्रत्येक पोटमाळ्यावर आहे.

एका कंपनीचं मात्र मन मोठं होतं हे लिहिलंच पाहिजे. आयबीएमने थिंकपॅडची मेंटेनन्स मॅन्युअल सर्वांसाठी खुली ठेवली होती. कोणता स्क्रू आधी काढायचा इथपासून सुट्या बदलता येणाऱ्या प्रत्येक भागाच्या एफआरयू नंबरपर्यंत सगळं त्यात. २००५ मध्ये तो धंदा लेनोव्होकडे गेला, तरी मॅन्युअल येत राहिली. रॅमच्या झाकणापासून कीबोर्डपर्यंत प्रत्येक तुकड्यावर तो नंबर चिकटवलेला असायचा. जुने थिंकपॅड आजही जिवंत दिसतात त्यात मजबुतीइतकाच ह्या स्टिकरचा हात आहे, असं माझं ठाम मत आहे.

आणि पार्ट कुठून आले? मेलेल्या मशिनांतून. आयटी कंपन्या आणि बँका लॅपटॉप लीजवर घेतात, मुदत संपली की शेकड्यांनी विकून टाकतात. तो माल लॉटने येतो. चालू मशिनं वेगळी निघतात, मेलेली उघडली जातात. बाजारात सांगाड्याला एबीसीडी म्हणतात: ए म्हणजे झाकणाची पाठ, बी म्हणजे स्क्रीनभोवतीची चौकट, सी म्हणजे कीबोर्डभोवतीचा भाग, डी म्हणजे बूड. "सी पॅनेल आहे, डी नाही" असा निरोप येतो तेव्हा नवख्याला कळत नाही. एका मेलेल्या मशिनातून निघालेला हिंज, पंखा, स्पीकर, वायफाय कार्ड वेगवेगळ्या घरांतल्या मशिनांत जातात. ह्या मालावर गॅरंटी नसते, 'चेकिंग वॉरंटी' असते: लावून बघा, चाललं तर तुमचं, नाही तर परत. व्यवहार तोंडी असतो आणि तो पाळला जातो. ह्याच्या जोडीला शेन्झेनच्या हुआचिआंगबेई बाजारातून नवा, जुळणारा माल येऊ लागला, त्यात चांगलं-वाईट दोन्ही.

स्क्रीनचं उदाहरण सांगते, कारण ह्या सगळ्या शिकण्याचा सर्वात चांगला दाखला तोच आहे. चौकटीचे स्क्रू रबरी बुचांखाली लपलेले असतात. ती नखाने काढायची, चौकट कडेने टकटक सोडवायची, पॅनेल अलगद पुढे झुकवायचं. पाठीवर पांढरं स्टिकर. सुरुवातीला 'एलपी' असेल तर एलजीचं, 'एलटीएन' असेल तर सॅमसंगचं, 'बी' असेल तर एयू ऑप्ट्रॉनिक्सचं. पुढचे तीन आकडे आकाराचे. १५६ म्हणजे १५.६ इंच. नंतरची अक्षरं रेझोल्यूशनची. ईएल ८४ वाचणाऱ्या माणसाच्या मुलीला हे वाचायला वेळ लागला नाही. झाकणावर कोणाचंही नाव असो, एलजीच्या पॅनेलच्या जागी एयूचं बसतं, फक्त पिना, कनेक्टरची बाजू आणि स्क्रूचे कान जुळले पाहिजेत. २००८–१० च्या सुमारास आतली दिव्याची नळी जाऊन एलईडी आले. नळीच्या काळात स्क्रीन काळी पडली की मी टॉर्च तिरका धरायची. अंधारात चित्र पुसट दिसलं तर पॅनेल शाबूत आहे आणि बहुधा फक्त खालची इन्व्हर्टरची चिंचोळी पट्टी गेली आहे. कितीतरी जणांचे पैसे त्या टॉर्चने वाचले. पुढे स्क्रीनच्या जोडणीत चाळीस पिनांच्या एलव्हीडीएसची जागा तीस पिनांच्या ईडीपीने घेतली. नंतर टचच्या काही पॅनेलना चाळीस पिनांचं ईडीपीही आलं. पिना सारख्या मोजून भलतंच पॅनेल लावलं तर बोर्डावरचा फ्यूज जाऊ शकतो. म्हणून सॅम्पल.

बॅटरीच्या बाबतीत मी कडक आहे. जुन्या पॅकमध्ये बहुधा सहा सेल: १८६५०, म्हणजे १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी. पॅक फोडून सेल बदलून देणारे रस्त्यावर आहेत. पण पॅकमधली चिप सेलचा हिशोब ठेवते, आणि सेल तोडताच अनेक चिप स्वतःला कायमचं कुलूप लावून घेतात. भलत्या जोडीचे सेल एकत्र बांधले तर आग लागू शकते. मी असा पॅक कोणाला देत नाही. बंद झालेल्या मॉडेलची 'कोरी ओरिजिनल' बॅटरीही घेऊ नका असं सांगते. वर्षानुवर्षं खोक्यात पडलेला सेल न वापरताच मरतो. जुळणारी चालेल, पण ती अलीकडे बनलेली हवी आणि त्यावर बीआयएसचा नोंदणी क्रमांक हवा.

२००८ साल ह्या धंद्यात विसरता येणार नाही. त्या जुलैत एन्व्हिडिया कंपनीने लॅपटॉपमधल्या काही ग्राफिक्स चिप वेळेआधी बंद पडत असल्याचं जाहीर करून त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. दोष चिपच्या आत, तिच्या सिलिकॉनच्या तुकड्याला खालच्या पट्टीशी जोडणाऱ्या सोल्डरच्या थेंबांत होता. गरम-थंड होऊन ते तडकत. काळ्या स्क्रीनची मशिनं रांगेने येऊ लागली. लॅमिंग्टनला चिप काढून बसवणारी बीजीए मशिनं आली, 'चिप लेव्हल'च्या पाट्या लागल्या, क्लास निघाले. ह्यातून खरी कारागिरी जन्मली. मायक्रोस्कोपखाली मोहरीहून बारीक सोल्डरच्या गोळ्या बसवणारी पोरं मी पाहिली आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण ह्याच काळात चिपला नुसती गरम हवा मारून मशीन चालू करून देण्याची वाईट सवयही लागली. उष्णतेने आतला तडा काही आठवडे जुळतो, पुन्हा सुटतो. बाहेरच्या गोळ्या बदलूनही उपयोग नाही, चिपच नवी, सुधारित हवी. हे ठाऊक असून पूर्ण पैसे घेणाऱ्यांनी रस्त्याच्या नावाला बट्टा लावला.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये शाळा पडद्यावर गेली आणि कपाटातले जुने लॅपटॉप बाहेर आले. चीनचा माल अडकलेला. त्या महिन्यांत मेलेल्या मशिनांतल्या पार्टांवर किती मुलांचे तास चालले ह्याची नोंद कुठे नाही, पण मला त्यांचे आईवडील आठवतात. एकाच मशिनावर दोन भावंडांची शाळा आणि वडिलांचं ऑफिस. कीबोर्डची चार बटणं बंद असली तरी चालेल, कॅमेरा आणि माइक तेवढा करून द्या ताई, असं सांगायचे.

आता जे चाललंय त्याची मला काळजी वाटते. २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये रॅम बोर्डावर सोल्डर केलेली आली आणि बॅटरी गोंदाने चिकटवलेली. पुढे पातळ मशिनांची ती रीतच झाली. त्यावरही कारागिरांनी मार्ग काढला. पण काही कंपन्या आता पार्टचा सीरियल नंबर सॉफ्टवेअरने बोर्डाशी बांधतात. त्याच मॉडेलचा, त्याच कारखान्याचा, अस्सल पार्ट दुसऱ्या मशिनातून काढून लावला तरी मशीन तो स्वीकारत नाही, किंवा एखादी सोय बंद ठेवतं. ज्या नंबरामुळे दोन वस्तू एकमेकींच्या उपयोगी पडत होत्या, त्याच नंबराने त्यांना एकमेकींपासून तोडलं जातंय. मेलेल्या मशिनांवर उभा राहिलेला सगळा व्यवहार ह्याने बसेल, आणि चांगले पार्ट भंगारात जातील.

हे बदलता येत नाही असं काही नाही. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपसोबत दुरुस्तीयोग्यतेचे गुण दाखवावे लागतात आणि सुटे भाग मिळतात का, किती किमतीत मिळतात, ह्याला त्यात गुण आहेत. त्याच वर्षी फ्रेमवर्क नावाच्या अमेरिकन कंपनीने प्रत्येक भागावर क्यूआर कोड असलेला लॅपटॉप काढला. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि डिसेंबरात पोर्टल सुरू केलं. त्यावर कंपन्यांची माहितीपुस्तकं आणि सर्व्हिस सेंटरचे पत्ते आहेत. पत्ते ग्राहकाला आधीच ठाऊक असतात. त्याला हवा असतो पार्ट, आणि मला हवा असतो नंबर. खोक्यावर एमआरपी छापणं जसं बंधनकारक आहे, तसं स्क्रीन, बॅटरी, कीबोर्ड, हिंज, पंखा आणि बोर्ड ह्यांचे नंबर छापणं बंधनकारक करावं, मॉडेल बंद झाल्यावर ते भाग किती वर्षं विकणार हे त्याखाली लिहायला लावावं, आणि वॉरंटी संपली की सीरियलचं कुलूप मालकाच्या सांगण्यावरून उघडून द्यावं.