जोडीने केलेली नागद्वारची वाट

जामसांवली हे सौंसरजवळचे गाव निजलेल्या हनुमानाच्या देवस्थानासाठी प्रसिद्ध आहे. नागपूरहून सौंसर, छिंदवाडा आणि तामियामार्गे पचमढीला जाणारा रस्ता याच मुलखातून जातो. सातपुड्यातली महादेवाची आणि नागद्वारची यात्रा करणारे विदर्भातील व सौंसर-पांढुर्ण्यातील मराठी भाविक या रस्त्याने जात आले आहेत.

हा मुलूख पूर्वी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. 1854 मध्ये इंग्रजांनी ते खालसा केले, 1861 मध्ये मध्य प्रांत झाला. 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि सौंसर मध्य प्रदेशात राहिले. राज्याची सीमा मध्ये आली, तरी यात्रेची वाट तुटली नाही.

यात्रा दोन. महाशिवरात्रीला महादेवाच्या यात्रेत नवस फेडणारे लोक खांद्यावर त्रिशूळ घेऊन पचमढीजवळचा चौरागड डोंगर चढतात. वजनदार लोखंडी त्रिशूळ आळीपाळीने वाहावे लागतात. नागद्वारची यात्रा नागपंचमीच्या सुमारास, ऐन पावसात असते. दाट धुक्यातून, निसरडे कडे आणि ओढे ओलांडत काजळी, चिंतामणी, पद्मशेष अशी ठिकाणे पायी गाठायची. काजळीची कथा अपत्यासाठी नागदेवाला काजळ घालण्याचा नवस बोललेल्या स्त्रीची आहे. मूल व्हावे म्हणून, किंवा झाल्यावर नवस फेडायला, नवराबायको ही वाट जोडीने चालतात. संसारातली एवढी खडतर सोबत क्वचितच कुठे घडत असेल.

1981 मध्ये सातपुडा राष्ट्रीय उद्यान झाले. हे जंगल आता संरक्षित आहे आणि नागद्वारची वाट वर्षातून थोडेच दिवस खुली होते.