दाताचा एक्स-रे: किती रेडिएशन, किती काळजी?

नाशिकमध्ये मला मित्रमंडळी हमखास विचारतात, "एक्स-रे काढताना डेंटिस्ट लांब जातात, मग आपलं काय?" आपला एक्स-रे कधीतरी निघतो, त्यांचं काम मात्र रोजचं. अंतर दुप्पट केलं की रेडिएशन एक चतुर्थांश होतं, म्हणून ते लांब थांबतात.

एक-दोन दातांच्या डिजिटल एक्स-रेचा डोस साधारण ०.००५ मिलिसिव्हर्ट. माती, हवा, अन्न आणि अवकाशातून आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. म्हणजे हा डोस जेमतेम एका दिवसाचा. पूर्ण जबड्याच्या ओपीजीचा डोस यापेक्षा जास्त, थ्रीडी स्कॅनचा त्याहून जास्त.

तरी उगाच काढायचा नाही. म्हणून माझं सांगणं एवढंच:

• एक्स-रे कशासाठी, ते आधी विचारा.
• गरोदर असाल तर आधीच सांगा.
• मूळ फाइल मागून घ्या आणि ड्राइव्हवर ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोत बारकावे जातात. फाइल हाताशी असली, तर दुसऱ्या डॉक्टरांकडे तोच एक्स-रे पुन्हा काढणं बऱ्याचदा टळतं.
• मशीनची नोंदणी अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ई-लोरा पोर्टलवर लागते. ती आहे का, हे विचारायला लाजू नका.