फर्माची पाचवी संख्या

४,२९,४९,६७,२९७ ही संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. ती मूळ आहे की संयुक्त, या प्रश्नाला उत्तर मिळायला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

२ चे १, २, ४, ८ व १६ हे घात घेऊन प्रत्येकात १ मिळवला, तर ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या संख्या मिळतात. या पाचही मूळ आहेत. घातांक असाच दुप्पट करत गेल्यास प्रत्येक वेळी मूळ संख्याच मिळेल, असे मत पिएर द फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६४० मध्ये पत्रांतून मांडले. आपल्याजवळ सिद्धता नाही, हेही त्याने मान्य केले होते.

१७२९ मध्ये गोल्डबाखने पत्राने हा प्रश्न लिओनार्ड ऑयलरपुढे ठेवला. १७३२ मध्ये ऑयलरने दाखवून दिले, की पुढचीच संख्या संयुक्त आहे:

४,२९,४९,६७,२९७ = ६४१ × ६७,००,४१७

हे त्याला कसे सापडले असेल? या संख्येचे वर्गमूळ ६५,५३६ च्या किंचित पुढे आहे. तोवरच्या मूळ संख्या ६,५४२ भरतात. प्रत्येकीने भागून पाहणे फार कष्टाचे. पण या संख्येच्या कोणत्याही मूळ विभाजकाला ६४ ने भागल्यास बाकी १ च उरते. या अटीत बसणाऱ्या मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. म्हणजे पाचव्याच प्रयत्नाला यश! गंमत अशी, की ही अट फर्माच्याच एका प्रमेयावरून सिद्ध होते. हत्यार त्याच्या हाताशी होते.

मोठा भागाकार न करताही वर्गात याचा पडताळा घेता येतो. ६४१ = ५ × १२८ + १. म्हणून ५ × २⁷ ला ६४१ ने भागल्यास बाकी −१ मानता येते. चौथा घात घेतला, की ५⁴ × २²⁸ ची बाकी १. आता ६४१ = ६२५ + १६ असेही आहे; म्हणजे ५⁴ च्या जागी −२⁴ घेता येईल. यावरून −२³² ची बाकी १ येते. अर्थात २³² + १ ला ६४१ ने निःशेष भाग जातो.

या संख्यांचे महत्त्व मात्र संपले नाही. १७९६ मध्ये गाउसने पट्टी व कंपास वापरून सतरा बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो हे दाखवले, आणि १७ ही फर्माचीच संख्या आहे. ६५,५३७ च्या पुढची एकही फर्मा संख्या मूळ असल्याचे आजवर आढळलेले नाही.

पाच उदाहरणे जुळली, की आपले विद्यार्थी "नियम सापडला" म्हणतात. अशा वेळी त्यांना सहावे उदाहरण तपासायला सांगावे, आणि तेही जुळले तर सिद्धता मागावी.