डेलावेअरची गोल सीमा: दोन सनदांचा वाद

अमेरिकेच्या नकाशावर डेलावेअर राज्याची उत्तर सीमा कंपासने काढल्यासारखी गोल दिसते, तर पश्चिम सीमा सरळ असूनही किंचित कललेली आहे. विक्रीकर नसलेल्या या राज्यात फिलाडेल्फियाच्या परिसरातून खरेदीस जाणाऱ्यांना ही गोलाई जाणवत नाही. तिच्यामागे मात्र दोन इंग्रज घराण्यांचे सुमारे ८० वर्षांचे भांडण आहे.

१६३२ च्या सनदेने कॅल्व्हर्ट घराण्याला, म्हणजे लॉर्ड बाल्टिमोरला, ४० व्या अक्षांशापर्यंत मेरीलँड मिळाले. १६८१ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने विल्यम पेनला पेनसिल्व्हेनिया दिले. त्या सनदेत न्यू कॅसल गावापासून १२ मैलांवरचे वर्तुळ जेथे ४० व्या अक्षांशास मिळेल, तेथून दक्षिण सीमा धरली होती. नकाशेच सदोष होते. हा अक्षांश न्यू कॅसलच्या उत्तरेस २० मैलांहून दूर आहे. वर्तुळ त्याला कोठेही स्पर्श करत नाही. अक्षांश प्रमाण मानावा, तर फिलाडेल्फियाचा मध्यभागच मेरीलँडमध्ये जात होता!

पेनला समुद्राची वाट हवी होती. १६८२ मध्ये ड्यूक ऑफ यॉर्कने त्याला न्यू कॅसल व त्याच्या दक्षिणेचा किनारा दिला. हा किनारा आपलाच, असे बाल्टिमोरचे म्हणणे. परंतु त्याची सनद लागवडीखाली न आलेल्या भूमीपुरती होती, आणि आजच्या लुईसजवळ डचांनी १६३१ मध्येच वसाहत केली होती. ती अल्पकाळातच नष्ट झाली. तरी तिच्या आधारे डेलावेअर मेरीलँडपासून वेगळे राहिले. १६८५ मध्ये लंडनने द्वीपकल्प उभा दुभागला.

जमिनीवर शांतता नव्हती. एकाच शेतावर दोन्ही वसाहती कर मागत. १७३० च्या दशकात सस्क्वेहाना नदीकाठी सशस्त्र चकमकी झाल्या. १७३२ च्या करारासोबतच्या नकाशात हेनलोपेन भूशिर २० मैलांहून अधिक दक्षिणेस दाखवले होते. बाल्टिमोरने त्यावर सही केली, मग हरकत घेतली. १७५० मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने करार बंधनकारक ठरवला. चार्ल्स मेसन व जेरेमिया डिक्सन यांनी १७६३ ते १७६७ या काळात केलेली प्रसिद्ध मोजणी ही त्याचीच अंमलबजावणी होय. दक्षिणेकडील मध्यबिंदूपासून वर्तुळाला स्पर्शिका काढायची असल्यामुळे पश्चिम सीमा तिरकी झाली.

कंस व सरळ रेषा यांच्या सांध्यात सुमारे एक चौरस मैलाची पाचर उरली. तिच्यावर पेनसिल्व्हेनिया व डेलावेअर या दोघांचा दावा होता. ती १९२१ मध्ये अखेर डेलावेअरकडे गेली. वर्तुळातील नदीपात्र न्यू जर्सीच्या काठापर्यंत डेलावेअरचेच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९३४ मध्ये म्हटले. न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर द्रवरूप नैसर्गिक वायूचे केंद्र उभारण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा त्याचा धक्का या पात्रात येणार होता. डेलावेअरने परवानगी नाकारली, आणि २००८ मध्ये त्याच न्यायालयाने तो अधिकार मान्य केला.