हस्तनिर्मित फ्लाय रॉड

हस्तनिर्मित फ्लाय रॉड म्हणजे फ्लाय फिशिंग या मासेमारीच्या प्रकारासाठी एका विशिष्ट व्यक्तीच्या किंवा नदीच्या गरजेनुसार हाताने घडवलेली गळाची काठी होय. अशा काठ्या बांबू, काचतंतू (फायबरग्लास) किंवा कार्बन तंतू यांपासून बनवतात. बांबूच्या कामट्या जोडून केलेली काठी या कारागिरीचा सर्वांत जुना व खर्चिक प्रकार आहे. तिच्या किमतीत कच्च्या मालाचा वाटा अल्प असून मुख्य मोल मोजमापाच्या अचूकतेचे व त्यासाठी लागणाऱ्या श्रमाचे असते.

कार्यतत्त्व

कोकणात गरी टाकून किंवा इतरत्र गळ टाकून मासे धरताना आमिषाचे अथवा शिशाचे वजन दोरीला पाण्यात ओढून नेते. फ्लाय फिशिंगमध्ये गळावर पिसे, केस व रेशीम बांधून कीटकाची प्रतिकृती तयार करतात. तिला ‘माशी’ म्हणतात. ही माशी जवळजवळ वजनरहित असल्याने ती स्वतः दूर जाऊ शकत नाही. त्यामुळे दोरीच जाड व वजनदार ठेवलेली असते आणि काठी स्प्रिंगप्रमाणे वाकून त्या दोरीला गती देते.

दोरीचे वजन क्रमांकाने दर्शवतात. पाच क्रमांकाच्या दोरीच्या पहिल्या ३० फुटांचे वजन १४० ग्रेन (सुमारे ९ ग्रॅम), तर आठ क्रमांकाच्या दोरीचे २१० ग्रेन (सुमारे १३.६ ग्रॅम) असते. काठीचा निमुळतेपणा त्या वजनाशी जुळला नाही, तर फेक कमी पडते किंवा दोरी विस्कटते. मागणीनुसार काठी घडवून घेण्यामागील हे मुख्य कारण आहे.

इतिहास

इंग्लंडमध्ये १४९६ साली छापल्या गेलेल्या गळाच्या मासेमारीवरील एका प्रबंधात काठी घरी कशी बनवावी, याचे वर्णन आढळते. त्या काळी लाकूड भट्टीत शेकून सरळ केले जाई. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील ईस्टन येथील बंदूक कारागीर सॅम्युएल फिलिप यांनी चिरलेल्या बांबूच्या पट्ट्या जोडून काठ्या बनवल्या. पुढे हायरम लेनर्ड यांनी सहा पट्ट्यांच्या षट्कोनी काठीचे यंत्राच्या साहाय्याने उत्पादन केले. इंग्लंडमध्ये १८७२ साली स्थापन झालेली अ‍ॅल्निक येथील हार्डी ब्रदर्स ही पेढी या क्षेत्रात प्रसिद्ध झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूच्या व १९७० च्या दशकात कार्बन तंतूच्या काठ्या बाजारात आल्या. त्याआधी, १९५० साली अमेरिकेने चीनशी व्यापार थांबवल्यामुळे बांबूचा पुरवठा खुंटला होता. या दोन्ही कारणांनी बांबूच्या काठीचा कारखानदारी काळ संपुष्टात आला आणि ती प्रामुख्याने वैयक्तिक कारागिरांच्या हाती राहिली. एव्हरेट गॅरिसन या कारागिराच्या पद्धतीवर आधारित, १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाने हे तंत्र नव्या पिढीपर्यंत पोहोचवले.

भारतीय बांबूचे स्थान

प्रारंभीच्या अमेरिकी कारागिरांनी वापरलेला बांबू कलकत्ता बंदरातून निर्यात होत असल्याने त्यास ‘कलकत्ता केन’ असे नाव पडले. तो सामान्यतः डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस या जातीचा मानला जातो. हीच जाती महाराष्ट्रात मानवेल या नावाने ओळखली जाते आणि विदर्भातील जंगलांत विपुल आढळते. कोरड्या जमिनीत तिचे खोड जवळजवळ भरीव होते.

विसाव्या शतकाच्या आरंभी या बांबूची जागा चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील टोंकिन बांबूने घेतली. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ एफ. ए. मॅक्ल्युअर यांनी १९३१ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. टोंकिन बांबूची पेरे लांब, गाठी कमी उठावदार आणि सालीलगतच्या तंतूंचा थर जाड असतो. कलकत्त्याहून येणाऱ्या बांबूवर अनेकदा भाजल्याचे डाग व किडीची छिद्रे असत, त्यामुळे त्यातील बराच भाग वाया जाई.

निर्मिती

बांबूची ताकद सालीलगतच्या तंतूंत असते. आतील गर तुलनेने दुर्बळ असतो. म्हणून वाळलेला बांबू चिरून त्याच्या कामट्या काढतात, गाठी कानशीने घासतात व उष्णता देऊन सरळ करतात. त्यानंतर प्रत्येक कामटीला समभुज त्रिकोणाचा छेद दिला जातो. भट्टीत शेकल्याने तिच्यातील ओलावा जातो व ताठपणा वाढतो.

पुढचा टप्पा सर्वांत नाजूक असतो. खाच असलेल्या पोलादी साच्यात कामटी ठेवून तिच्यावर रंधा मारतात. साच्यातील खाचेची खोली ठरावीक अंतरावर बदलत जाते, त्यामुळे कामटी निमुळती होते. या वेळी फक्त आतील दोन बाजू तासतात. सालीकडील बाजूस धक्का लावत नाहीत. सहा कामट्या सरसाने जोडून दोऱ्याने आवळल्या की षट्कोनी दांडा तयार होतो. दोन भागांच्या काठीस एक जादा शेंडा देण्याची प्रथा असल्याने एका काठीसाठी किमान १८ कामट्या तासाव्या लागतात.

दांड्याचा ताठपणा त्याच्या जाडीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. शेंड्याची जाडी सुमारे १.६ मिलिमीटर असते. तेथे केवळ ०.०५ मिलिमीटरची वाढ झाली, तरी ताठपणा सुमारे १३ टक्क्यांनी वाढतो. यामुळे कारागीर मायक्रोमीटरने पुनःपुन्हा मोजमाप घेतात.

शेवटी भाग जोडण्यासाठी जर्मन सिल्व्हरच्या नळ्या बसवतात, बुचाच्या चकत्या चिकटवून मूठ घडवतात, दोरी ओवण्याच्या कड्या रेशमी दोऱ्याने बांधतात आणि व्हार्निशचे थर देतात.

कार्बनच्या काठीत कारागीर सहसा कारखान्यात तयार झालेला पोकळ दांडा विकत घेतो. मूठ, रीळ बसवण्याची बैठक, कड्यांमधील अंतर व दोऱ्याची बांधणी एवढेच काम त्याच्याकडे असते. बांधणीवर इपॉक्सी लावल्यावर ते ओघळू नये म्हणून काठी घट्ट होईपर्यंत सावकाश फिरवत ठेवावी लागते.

खर्च

टोंकिन बांबूचे एक खोड परदेशात शंभर डॉलरांहून कमी किमतीत मिळते, तर त्यापासून घडवलेली नवी काठी साधारणपणे १,००० ते ३,००० डॉलरांना विकली जाते. नामांकित कारागिरांच्या काठ्या याहूनही महाग असतात. एका काठीस सामान्यतः ४० तासांहून अधिक श्रम लागतात. साचे, मोजमापाची उपकरणे, वाया गेलेल्या कामट्या आणि पुढील दुरुस्तीची हमी हे खर्चही त्यातूनच भागवावे लागतात. त्यामुळे वरवर मोठ्या दिसणाऱ्या किमतीतून कारागिराची तासाची कमाई बेताचीच राहते. कार्बनच्या दांड्यावर बांधलेली काठी याहून पुष्कळ स्वस्त पडते. भारतात आयात केलेल्या काठ्यांवर व सुट्या भागांवर वाहतूक आणि सीमाशुल्काचा भार पडतो.

महाराष्ट्रातील संदर्भ

दख्खनचा महासीर (टॉर खुद्री) या माशाचे शास्त्रीय वर्णन विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठा नदीतील नमुन्यांवरून केले. मद्रास प्रांतातील सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांच्या ‘द रॉड इन इंडिया’ (१८७३) या ग्रंथामुळे महासीरची गळाने मासेमारी ब्रिटिश अधिकाऱ्यांत लोकप्रिय झाली. धरणे, प्रदूषण व बेसुमार मासेमारी यांमुळे नद्यांतील महासीर घटला. लोणावळ्याजवळील वळवण येथे टाटा कंपनीच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याची पैदास केली जाते.

महासीरच्या वाहत्या पाण्यात फ्लाय रॉड उपयुक्त ठरते. भिवंडीच्या कामतघर भागातील वऱ्हाळा देवी तलावासारख्या नागरी तलावांची स्थिती वेगळी असते. फ्लाय रॉडने दोरी फेकण्यापूर्वी ती मागे पूर्ण लांबीने उलगडावी लागते. वर्दळीच्या काठावर एवढी मोकळी जागा मिळणे कठीण असते. अशा ठिकाणी साधी बांबूची काठी व आमिष हीच पद्धत सोयीची असते.

बांबू चिरून कामट्या काढण्याचे कौशल्य महाराष्ट्रात बुरूड समाजाकडे परंपरेने आहे. टोपल्या, सुपे व तट्टे विणताना कामटी लवचीक आणि पातळ असावी लागते, तर फ्लाय रॉडसाठी तिचा छेद काटेकोर त्रिकोणी हवा. त्यामुळे दोन्ही कामांत बांबूची पारख समान असली, तरी अवजारे व मोजमाप भिन्न आहे.

देखभाल

बांबूची काठी ओली असताना बंद नळीत ठेवल्यास व्हार्निश फुगते व काठीला कायमचा बाक येतो. कोकणासारख्या दमट हवेत ती कोरड्या कापडाने पुसून, सुती पिशवीत घालून लटकवून ठेवणे इष्ट असते. तुटलेला शेंडा मूळ मापांनुसार पुन्हा घडवता येतो, म्हणून अनेक कारागीर प्रत्येक काठीच्या मापांची नोंद जपून ठेवतात. अशी दुरुस्ती शक्य असल्याने नीट वापरलेली काठी अनेक दशके टिकते.