रस्ता ओलांडण्याची मंजुरी

रस्त्यावरचे पांढरे पट्टे आपण रोज पाहतो. परंतु ते नेमके तिथेच असावेत हे ठरविले कोणी, हा प्रश्न सहसा मनात येत नाही. ब्रिटनमध्ये तो प्रश्न कायद्याने सोडवावा लागला.

1934 साली त्या देशाच्या रस्त्यांवर 7,343 माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत सुमारे निम्मे पादचारी होते. त्याच वर्षी नवा वाहतूक कायदा झाला आणि वाहतूकमंत्री लेस्ली होर-बेलिशा यांच्या नावाने ओळखले जाणारे, माथ्यावर पिवळा गोल मिरविणारे काळे-पांढरे खांब उभे राहिले. पादचाऱ्यांच्या ओलांडजागांची योजना आखावयाची स्थानिक संस्थेने. मंजुरी द्यावयाची मात्र मंत्र्याने. गल्ली गावातली आणि सही लंडनची!

1951 साली झेब्रा पट्टे आले, आणि त्याच सुमारास ओलांडजागांची संख्या जवळजवळ दोन-तृतीयांशाने घटविण्यात आली. त्या फार झाल्या की मोटारवाले त्यांना जुमानत नाहीत, हा त्यामागील युक्तिवाद. तो अगदीच पोकळ नव्हता.

पुढे निर्णयासाठी एक सूत्र रूढ झाले. तासाभरात रस्ता ओलांडणाऱ्यांच्या संख्येस वाहनसंख्येच्या वर्गाने गुणावे. सर्वाधिक वर्दळीच्या चार तासांची सरासरी दहा कोटींवर गेली, तर ओलांडजागा समर्थनीय. म्हणजे तासाला हजार वाहने असतील, तर शंभर माणसे हवीत. सरकारी दप्तरात वावरलेल्या माणसाला अशा सूत्राचा मोह समजतो. आकडा पुढे केला की नकाराची जबाबदारी कोणा एकाच्या माथी येत नाही. परंतु हे सूत्र रस्ता ओलांडणाऱ्यांनाच मोजते. वाहनांच्या धास्तीने पलीकडच्या बाजारात जाणेच सोडून दिलेली म्हातारी त्यात शून्य ठरते. रस्ता जितका भयंकर, तितकी माणसांची गणती कमी!

1984 च्या कायद्याच्या 23 व्या कलमान्वये स्थानिक संस्थेने पोलीसप्रमुखांशी विचारविनिमय करावा, जाहीर सूचना द्यावी आणि मंत्र्यास लेखी कळवावे, एवढेच उरले. कळविणे आणि मंजुरी मागणे यांतील अंतर कारकुनालाही ठाऊक असते. हमरस्ते तेवढे मंत्र्याकडे राहिले. 1995 च्या मार्गदर्शिकेने ते गुणाकाराचे सूत्रही बाजूस सारले. रस्ता ओलांडताना किती वेळ थांबावे लागते, ओलांडणाऱ्यांत वृद्ध, मुले आणि अपंग किती, जवळ शाळा किंवा इस्पितळ आहे काय, याची पाहणी आता स्थानिक अभियंत्याने त्या जागी उभे राहून करावयाची होती.