मालिश नव्हे, निचरा

स्तनातल्या गाठीचं ऑपरेशन होऊन काही महिने लोटले, की काही बायकांचा त्या बाजूचा हात सुजू लागतो. बांगड्या मनगटात रुततात, झंपराची बाही दंडावर चढत नाही. मग घरातली जाणती बाई वाटीत कोमट तेल घेऊन बसते, "आण गं हात इकडं, चांगला रगडून देते." माया खरी असते, पण रगडल्यानं हा हात बिघडू शकतो. त्याला लागणाऱ्या उपचाराला आपण लिम्फॅटिक मसाज म्हणतो, आणि मसाज म्हटलं की मालिशच डोळ्यांपुढं येते. मालिश फारसी 'मालीदन'मधून आली. त्याचा अर्थच चोळणं.

सुजलेल्या हातात साचतं ते पाणी म्हणजे लिम्फ. हा शब्द मूळचा लॅटिन, अर्थ स्वच्छ पाणी. आपल्याकडे चरकसंहितेच्या शारीरस्थानात शरीरातलं पाणी दहा ओंजळी सांगितलं आहे आणि तेच त्वचेखाली, जखमेत दिसलं की त्याला लसीका म्हटलं आहे. घरातली 'लस' याच कुळातली. गुडघा खरचटला, रक्त थांबलं, तरी चिकट पाणी पाझरत राहतं, ती लस. पूर्वी देवी टोचताना फोडातलं असंच पाणी एका दंडावरून दुसऱ्या दंडात घालत. इंग्रजीतही त्याला लिम्फच म्हणत. १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या अ‍ॅना डस्टहॉलला भारतातली पहिली लस टोचली.

म्हणजे पाण्याला नाव आहे. राहिलं हाताच्या कामाचं नाव, आणि ते जालन्याच्या मोसंबीच्या बागेत आयतं सापडतं: निचरा. काळ्या रानात पाणी साचलं की मोसंबीची मुळं कुजतात, म्हणून चर काढतात. चराचं खालचं तोंड आधी मोकळं करावं लागतं, नाहीतर वरचं पाणी जाणार कुठं? डेन्मार्कचे एमिल आणि एस्ट्रिड वोडर या दांपत्यानं १९३०च्या दशकात फ्रान्समध्ये या उपचाराची पद्धत बसवली, तिचाही क्रम असाच आहे. सुजलेल्या हाताला आधी हात लावतच नाहीत. सुरुवात मानेपाशी, गळ्याच्या हाडाजवळ, कारण लसीका तिथंच शिरेत मिसळते. काखेतल्या लसीकेच्या गाठी काढल्यानं वाट बंद झाली असेल, तर पाणी दुसऱ्या काखेकडे वळवतात. तेल सहसा नसतंच. बोटं कातडी फक्त हलकेच ताणतात आणि सोडतात. रगडणे, चोळणे, चेपणे, तुडवणे यांतलं एकही क्रियापद इथं चालत नाही. जवळचं एकच, कुरवाळणे.

म्हणून मी 'लसीका-निचरा' म्हणेन. नाव बरोबर असलं की हात आपोआप हलका पडतो. घरात कुणाचा हात असा सुजला, तर तेलाची वाटी बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना दाखवा. हात लाल, गरम झाला असेल किंवा ताप असेल, तर निचराही थांबवावा लागतो. नंतर हे शिकलेल्या फिजिओथेरपिस्टकडे जा आणि मालिश नको, निचरा हवा, असं सांगा.